पाण्यावरचा आळ

नवी मुंबईत नव्याने राहावयास आलेले कुटुंब साताऱ्याहून बदलीने आलेले असो, पोटापाण्यासाठी उत्तरेकडून आलेले असो, अथवा परळ-लालबागच्या चाळीतील खोली सोडून मोकळ्या जागेच्या ओढीने खाडी ओलांडून आलेले असो, वर्ष सरण्याच्या आत त्याच्याकडून एक तक्रार हमखास कानी पडते, ती ही की, इथल्या पाण्याने केस गळतात. नेरूळच्या लिफ्टमध्ये, वाशीच्या केशकर्तनालयात, खारघरच्या शाळेबाहेर मुलांना घ्यावयास आलेल्या आयांच्या घोळक्यात ही फिर्याद इतक्या ठामपणाने मांडली जाते की, तिची शहानिशा करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि पुरावा म्हणून न्हाणीघराच्या जाळीवर साचलेला केसांचा पुंजका रोज सकाळी हजर असतो. नळाला गाळणी बसविणे, पिण्याच्या पाण्याने डोके धुणे, तेल बदलणे, शांपू बदलणे, आणि अखेरीस आमच्या गावचे पाणीच निराळे होते असा उसासा टाकणे, हा त्यापुढचा ठरलेला शिरस्ता होय.

ही तक्रार खोटी आहे असे मला म्हणावयाचे नाही. केस खरोखरच गळतात, आणि ज्याचे गळतात त्याला त्याचे होणारे दुःखही खरे असते. परंतु माझे मत असे की, बहुतांशी पाण्यावर हा आळ नाहक येतो. खरे कारण दोन-तीन महिने मागे, त्या माणसाच्या शरीराच्या इतिहासात कोठेतरी नोंदलेले असते, आणि ते शोधावयाचे तर केसाचे आयुष्य कसे चालते हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

मनुष्याच्या मस्तकावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील प्रत्येक केस त्वचेखाली जवळपास ४ मिलिमीटर खोल, मेदाच्या थरापर्यंत उतरलेल्या एका सूक्ष्म कूपातून उगवतो, आणि हा केशकूप अखंड काम करीत नाही. दोन ते सहा वर्षे तो महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या गतीने केस वाढवीत राहतो. मग दोन-तीन आठवड्यांत आपले काम आवरते घेतो. आणि त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो. या विश्रांतीच्या अवधीत जुना केस वाढत नाही, पण पडतही नाही. तो केवळ जागच्या जागी अडकून राहतो, व खालून नवा केस उगवू लागला म्हणजे गळून पडतो. निरोगी मस्तकावरील ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत. प्रत्येक केशकूप आपापल्या स्वतंत्र वेळापत्रकाने चालत असल्यामुळे आपल्या डोक्यावरचे सर्व केस एकाच ऋतूत झडत नाहीत, तर रोज ५० ते १०० केस, कोणाच्या लक्षातही न येता, पडत राहतात.

जाळीवरचा एखादा केस उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला असता त्याच्या एका टोकाशी टाचणीच्या अग्राएवढी, पांढरट व कोरडी अशी गाठ दिसते. ही गाठ पाहून पुष्कळ माणसे हबकतात, कारण केस मुळासकट निघून आला अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः ती गाठ म्हणजे केसाने आपली विश्रांती पूर्ण केल्याची खूण असून, ज्या कूपातून तो आला तो कूप त्वचेखाली शाबूत असतो. ज्या केसाला कोणत्याच टोकाशी गाठ नाही तो केस गळलेला नसून मध्येच तुटलेला आहे, असे समजावे. हा भेद वाचकाने ध्यानी ठेवावा. पाण्याचा विचार करताना तो उपयोगी पडणार आहे.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या माणसाला दहा दिवस कडक ताप आला, अथवा मोठी शस्त्रक्रिया झाली, अथवा उपासमारीसारखा आहार करून त्याने दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरविले. अशा प्रसंगी शरीर आपली शक्ती जीवनावश्यक कामांकडे वळविते, आणि वाढीच्या अवस्थेतील पुष्कळसे केशकूप एकदम मुदतीपूर्वीच काम थांबवून विश्रांतीत जातात. त्या दिवशी एकही केस जास्त पडत नाही. केस पडतात ते विश्रांतीचा काळ संपल्यावर, म्हणजे सुमारे तीन महिन्यांनी, जेव्हा ताप विसरला गेलेला असतो, वजन उतरल्याबद्दल शाबासकी मिळून गेलेली असते आणि मूठभर केस कंगव्यात का आले याचे काहीच कारण समोर दिसत नाही. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराचे पद्धतशीर वर्णन केले. अचानक, भरपूर आणि सर्व डोक्यावर सारखी अशी जी केसगळती असते तिच्यातील फार मोठा भाग याच प्रकारात मोडतो, आणि तिचे वैशिष्ट्य असे की, कारण एकदाच घडून गेलेले असेल तर सहा महिन्यांच्या आत ती बहुधा आपोआप थांबते व केस पूर्ववत येतात.

नवी मुंबईच्या फिर्यादीचे मर्म मला या तीन महिन्यांत दिसते. हे शहर वसविणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि पुढे वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, खारघर अशा वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या. हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी भरलेले आहे, आणि माणूस घर बदलतो तेव्हा तो नुसते घर बदलत नाही. कोणी लग्न होऊन आलेली असते, कोणी पहिल्या नोकरीवर रुजू झालेला असतो, कोणी बाळंतपण आटोपून माहेराहून परतलेली असते, कोणी घरातील मृत्यूनंतर गावचे बिऱ्हाड मोडून आलेला असतो. घरचे जेवण सुटून खानावळीचा डबा सुरू झालेला असतो, रात्रपाळीमुळे झोप उलटीपालटी झालेली असते, आणि पहिल्याच पावसाळ्यात मलेरियाचा वा डेंग्यूचा ताप येऊन गेलेला असतो. या सर्वांची वसुली शरीर तीन महिन्यांनी करते. त्या वेळी पाण्याखेरीज नवे असे काही डोळ्यांपुढे नसते, कारण पाणी रोज डोक्यावरून वाहते व केस त्याच पाण्याबरोबर खाली जातात. सबब दोष पाण्याच्या माथी बसतो.

करोनाच्या साथीने याचा जणू जाहीर दाखलाच दिला. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्राचे २०२० साली रुग्णालयात रूपांतर झाले, आणि तेथून व इतर रुग्णालयांतून बरे होऊन घरी गेलेल्या असंख्य माणसांना दोन-तीन महिन्यांनी तेच दिसले: उशीवर केस, कंगव्यात केस, जेवताना ताटात केस. तीच माणसे, तेच नळ, तेच पाणी. वर्षानुवर्षे त्याच पाण्याने नाहणाऱ्यांचे केस त्या विशिष्ट महिन्यांत गळले, कारण मध्ये ताप होऊन गेला होता. आपल्याकडे जुन्या बायका विषमज्वरानंतर केस जातात असे म्हणत, ते निरीक्षण अचूक होते. ज्वर आणि केस यांच्यामधील महिने त्यांनी आपल्या अनुभवाने जोडून ठेवले होते.

बाळंतपणानंतरची केसगळती ही याच घराण्यातील, पण तिची वाट थोडी निराळी. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावामुळे पुष्कळ केस नेहमीपेक्षा अधिक काळ वाढीच्या अवस्थेत टिकून राहतात, म्हणून त्या दिवसांत वेणी भरघोस दिसते. प्रसूतीनंतर तो प्रभाव ओसरला की, रोखून धरलेले केस एकदम विश्रांतीत जातात आणि बाळ तीन-चार महिन्यांचे होते तेव्हा झडू लागतात. बाळ आईला ओळखून हसू लागले की आईचे केस गळतात, असे काही घरांतून म्हणतात. त्यात कालाची नोंद बरोबर आहे, कारणाची नाही. आणि या समजुतीपायी एखादी नवी आई आपल्या बाळाच्या हसण्याकडे शंकेने पाहत असेल तर तिला कोणीतरी वेळीच खुलासा करावयास हवा. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास तिचे केस बहुधा पूर्वस्थितीवर येतात.

जेथे कारण एकदाच घडून न जाता चालूच राहते, तेथे गळतीही चालू राहते. अवटू ग्रंथी, म्हणजे ज्याला सर्रास थायरॉइड म्हणतात ती, मंदावल्यास अथवा अतिरेकाने चालल्यास केस विरळ होतात. शरीरातील लोहाचा साठा आटणे हे स्त्रियांमधील दुसरे मोठे कारण मानले जाते; आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे आढळले होते, हे ध्यानात घेता डोक्याच्या तेलावर महिन्याला शेकडो रुपये खर्च करणाऱ्या घरात त्या स्त्रीच्या रक्ताची साधी तपासणी झालेली नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. घरातील सर्वांना वाढून उरलेले आपण खावे ही रीत जोवर चालू आहे, तोवर हिमोग्लोबिन तेलाने वाढणार नाही.

मग पाण्याचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण निराळा. नवी मुंबई महापालिकेचा मुख्य पुरवठा खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचा आहे; पलीकडे खारघरच्या बाजूस सिडको हेटवणे धरणातून पाणी आणते. सह्याद्रीच्या पायथ्याशी अडविलेले हे पावसाचे पाणी जात्याच मृदू असते. उन्हाळ्यात टंचाई झाली म्हणजे काही संकुलांत टँकरचे अथवा कूपनलिकेचे पाणी येते, आणि खाडीकाठच्या भूगर्भातील पाणी खारे वा कठीण असू शकते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, क्षारांचा थर केसांवर बसतो, केस राठ होतात व विंचरताना तुटतात. म्हणजे पाणी केस तोडू शकते. परंतु त्वचेखाली खोल वसलेल्या कूपाला ते आपले काम आवरते घ्यावयास लावू शकत नाही. जाळीवरच्या केसांना टोकाशी गाठ असेल तर पाणी निर्दोष आहे, आणि गाठ नसलेले आखूड तुकडे पुष्कळ असतील तर पाण्याकडे, तसेच केस सरळ करण्याच्या तापत्या यंत्रांकडे व रंगांकडे, जरूर संशयाने पाहावे. महागड्या गाळण्या विकत घेण्यापूर्वी एवढी खातरजमा घरबसल्या व फुकट करता येते.

पाण्यावर असाच आळ येऊन तपासाअंती भलतेच कारण निघाल्याचे एक विलक्षण उदाहरण महाराष्ट्रातच, बुलढाणा जिल्ह्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस अचानक गळू लागले. प्रथम डोक्याला खाज सुटावी, मग केसांना हात लावताच ते हातात यावेत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडावे, असा क्रम होता. लहान मुले, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारी माणसे, कोणीही त्यातून सुटले नाही. १८ गावांतून २७९ लोकांना ही बाधा झाली. मुली डोके रुमालाने झाकून बाहेर पडू लागल्या, काहींनी शरमेने उरलेले केसही काढून टाकले, आणि पंचक्रोशीत भय पसरले.

हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. तेथील भूगर्भातील पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर जाणे स्वाभाविकच होते, आणि तपासणीत पाण्यात नायट्रेट व विरघळलेले क्षार यांचे प्रमाण जास्त आढळले तेव्हा तो संशय दुणावला. दुसरा संशय बुरशीच्या संसर्गावर गेला. परंतु खारे पाणी तेथे आजचे नाही, आणि बुरशी एवढ्या माणसांची डोकी तीन दिवसांत साफ करीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत आले, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेतले गेले, आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. महाडला राहून विंचूदंशावरील उपचारासाठी हयात वेचणारे आणि २०२२ साली पद्मश्रीने गौरविले गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः या गावांचा मागोवा घेतला. रास्त भावाच्या दुकानातून मिळणारा गहू त्यांनी तपासून घेतला तेव्हा त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असल्याचा अहवाल आला. एरवी हे प्रमाण १.९ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. सोबत, बाधितांच्या शरीरातील जस्ताचे प्रमाण कमी झालेलेही त्यांना दिसले. हा गहू पंजाबातील सेलेनियमयुक्त जमिनीतून आलेला असावा, असे त्यांचे अनुमान आहे.

सेलेनियम हे शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. पण ते रासायनिक दृष्ट्या गंधकाचे सख्खे भावंड असल्यामुळे, अतिरेक झाला म्हणजे केस व नखे ज्या केराटिन नामक प्रथिनाची बनलेली असतात त्यातील गंधकाची जागा ते बळकावते, आणि ज्या बंधांनी केसाला बळकटी येते ते बंधच ढिले पडतात. चीनमधील हूबै प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी गावेच्या गावे याच कारणाने केस व नखे गमावून बसली होती. शेगावच्या गावांतूनही काही महिन्यांनी, एप्रिल २०२५ च्या सुमारास, नखे विद्रूप होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. केसांचे विष नखांतून उशिरा प्रकट होते, कारण नखांची वाढ संथ असते. येथे मला एका गोष्टीचे महत्त्व वाटते. ज्यांचे केस गेले ते स्वस्त धान्यावर पोट भरणारे लोक होते, आणि रेशनच्या गव्हात काय आहे हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी ज्यांनी तो गहू वाटला त्यांची होती. सेलेनियमचे सेवन थांबले की केस परत येतात, ही यातली समाधानाची बाजू.

आता ज्या टकलाला कोणी रोग म्हणत नाही, तरी जे सर्वांत अधिक पुरुषांच्या वाट्याला येते, त्याकडे वळावे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची सीमा मागे सरकते, टाळूवर चांदवा पडतो, दोन्ही एक दिवस मिळतात, आणि कानांच्या वर व मानेवर मात्र केसांची किनार आयुष्यभर शाबूत राहते. येथे केस झटकन गळत नाहीत; केशकूप वाढ-विश्रांतीच्या दर फेरीत लहान होत जातो, प्रत्येक नवा केस आधीच्याहून बारीक व आखूड येतो, आणि शेवटी उरते ती लव. यामागे पुरुषी संप्रेरक आहे हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखविले. तारुण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि अशांना टेस्टोस्टेरॉन दिले असता ज्यांच्या घराण्यात टक्कल असते त्यांचेच केस जाऊ लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिक कल या दोहोंची जोड लागते.

पुढचा धागा कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या एका खेड्यात सापडला. तेथील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत व वयात येताना त्यांना पुरुषत्वाची लक्षणे प्राप्त होत. ज्यूलियन इम्पेरातो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर रूपात परिवर्तन करणारे विकर त्यांच्यात अपुरे होते. आणि या माणसांना मोठेपणीही टक्कल पडत नव्हते. त्या विकराला अटकाव करणारे फिनास्टेराइड हे औषध या वाटेने आले आणि १९९७ साली अमेरिकेत केसांसाठी मान्य झाले. मिनॉक्सिडिलची कथा निराळी: ते रक्तदाबाचे औषध, पण घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा डोक्याला लावावयाचा द्राव झाला व १९८८ साली तोही मान्य झाला. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, कारण विसावलेले कूप जागे होऊन जुना केस ढकलून देतात. आणि नेमके त्याच वेळी घाबरून पुष्कळ लोक औषध सोडतात. फिनास्टेराइड पुरुषांच्या लैंगिक इच्छेवर परिणाम करू शकते आणि गर्भवती स्त्रीच्या पोटातील मुलग्याला बाधक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते दुकानातून आणू नये.

टक्कल आजोळकडून येते, मामाकडे पाहावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिला थोडा आधार आहे, कारण पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. परंतु टकलाशी संबंधित इतर अनेक जनुके दोन्हीकडून येतात, सबब वडिलांना सोडून एकट्या मामाला धरणे न्याय्य नाही. स्त्रियांतही हाच प्रकार होतो, पण सहसा कपाळाची सीमा टिकून राहते व मधला भांग रुंदावत जातो. तरुण मुलीचा भांग रुंदावू लागला, सोबत पाळी अनियमित झाली व हनुवटीवर केस दिसू लागले, तर बीजकोशांच्या विकाराची तपासणी करावी.

चाई हा याहून सर्वस्वी भिन्न प्रकार. ती बहुधा स्वतःला दिसत नाही, केस कापताना न्हावी मानेपाशी थांबतो आणि आरसा मागे धरून म्हणतो, "साहेब, इथं चाई पडलीय बघा." रुपयाएवढी, गुळगुळीत, खवले वा लाली नसलेली ती जागा असते, आणि तिच्या काठाला जवळून पाहिले तर मुळाशी निमुळते व टोकाशी जाड असे दोन-तीन मिलिमीटरचे खुंट दिसतात. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच केशकूपांवर चालून जाते, हे तिचे कारण. किडा लागणे, उष्णता होणे या केवळ समजुती आहेत, आणि ती कोणाच्या कंगव्याने लागत नाही. गुंज उगाळून लावणे हा जुना उपाय अद्याप काही घरांतून चालतो. गुंज विषारी आहे, तिने त्वचा भाजल्यासारखी होते. तरी तिला यश येताना दिसते, कारण लहानसहान चाई पुष्कळदा वर्षाच्या आत आपोआप भरून निघते आणि श्रेय शेवटी लावलेल्या औषधाला मिळते. जेथे ती पसरत जाऊन सारे डोके, भुवया, पापण्या घेते, तेथे मात्र प्रकरण गंभीर असते. अशांसाठी बॅरिसिटिनिब हे पोटात घ्यावयाचे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. शाळकरी मुलांना चाईपायी जी चेष्टा सोसावी लागते, ती थांबविणे हे शिक्षकांचे काम आहे.

कर्करोगावरील औषधांनी होणारी केसगळती खारघरच्या लोकांना डोळ्यांनी परिचित आहे, कारण टाटा स्मारक केंद्राचे मोठे संशोधन व उपचार केंद्र तेथेच आहे. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर ही औषधे घाव घालतात आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातील अत्यंत वेगवान पेशींपैकी आहेत. म्हणून येथे तीन महिने थांबावे लागत नाही, दोन-तीन आठवड्यांतच वाढीचे केस तुटून पडतात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात, कधी आधीपेक्षा कुरळे.

घट्ट बांधलेल्या अंबाड्याने वा उंच ओढलेल्या शेपटीने कानशिलांवरचे केस वर्षानुवर्षांच्या ताणाने जातात; आरंभी केस सैल बांधल्यास ते परत येतात, उशीर झाल्यास येत नाहीत. डोके भादरल्याने केस दाट येतात ही समजूत मात्र निराधार आहे, कारण वस्तरा त्वचेवरून फिरतो आणि कूप खाली असतो.

या सर्व प्रकारांत कूप शाबूत राहतो किंवा निदान दीर्घकाळ टिकतो. पीक कापून नेले तरी शेत जागेवर असावे, तसे. परंतु काही विकारांत शेतच नाहीसे होते. त्वचेला दाह होऊन केशकूपाच्या जागी व्रण तयार होतो, आणि त्या भागाकडे भिंगातून पाहिले असता केसांची छिद्रेच दिसत नाहीत. अशा विकारात गेलेला केस कोणत्याही औषधाने परत येत नाही, फक्त पसरणे रोखता येते.

नवी मुंबईत केसांच्या दवाखान्यांच्या पाट्या आता प्रत्येक सेक्टरमध्ये दिसतात. केसरोपण ही शस्त्रक्रिया आहे, आणि ती कोणी करावी याविषयी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोणाच्या हातून होणार आणि त्याची पदवी काय, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. नेरूळ व कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. प्रथम तेथे जावे. जाताना गेल्या सहा महिन्यांतील ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उतरलेले वजन, बदललेली औषधे यांचे तारीखवार टिपण न्यावे, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. सर्व डोक्याचे केस सारखे गळत असतील तर धीर धरावयास हरकत नाही. पण मुलाच्या डोक्यावर खवले धरून, पू होऊन, काळ्या ठिपक्यांसारखे तुटके खुंट दिसणारा चट्टा पडला असेल, तर ते बुरशीचे गजकर्ण असू शकते. त्यावर नुसते मलम पुरत नाही, पोटात औषध द्यावे लागते. आणि कोणाच्याही डोक्यावरील टक्कल पडलेली त्वचा चकचकीत, छिद्ररहित व आग होणारी असेल, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवावे, कारण तेथे गेलेला प्रत्येक महिना म्हणजे कायमचे गेलेले केस असतात.